जपान : थोड्या जमिनीचा देश

विमान ओसाकाच्या उपसागरावर खाली येऊ लागले, तेव्हा खिडकीतून नुसते पाणीच दिसत होते. धावपट्टी काही दिसेना. आम्ही दोघांनी मनातल्या मनात दुआ केली. नंतर कळले, की हा विमानतळच समुद्रात भर टाकून तयार केलेल्या बेटावर आहे. 1994 साली तो सुरू झाला.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. मे महिन्याच्या सुट्टीत कोबे शहरात नोकरी करणाऱ्या भाच्याकडे गेलो होतो.

जपान हे एक बेट नव्हे. होक्काइदो, होन्शू, शिकोकू आणि क्युशू ही चार मोठी बेटे. लहानमोठी सगळी धरली तर 2023 साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार 14,125. एकूण क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 78 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडे जास्त. लोकसंख्या 12 कोटींच्या वर. पण जवळजवळ दोन तृतीयांश भूमी जंगलाने व्यापलेली आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या सपाट पट्ट्यांवरच शहरे, भातशेती, कारखाने आणि रेल्वे यांची दाटी. कोबेतही मागे रोक्कोचे डोंगर आणि पुढे बंदर. बहुतेक शहरांत मोटार घ्यायची तर आधी ती उभी करायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो.

ही थोडी जमीनही स्थिर नाही. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले, एक लाखाहून अधिक माणसे गेली. दरवर्षी त्याच तारखेला देशभर आपत्तीची तालीम होते. भाच्याची आठ वर्षांची मुलगी एका संध्याकाळी आम्हाला म्हणाली, "बघा, आम्ही शाळेत असं करतो," आणि झटकन जेवणाच्या टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरून बसली. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आम्हाला आठवली. त्या वेळी आम्ही सोलापुरात शाळकरी होतो. हादरा बसल्यावर काय करायचे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. आज आम्ही तरी आमच्या वर्गातल्या मुलांना किती वेळा शिकवतो?

तिच्या शाळेत वर्ग, व्हरांडे मुलेच झाडतात, पुसतात. जेवणही मुलेच एकमेकांना वाढतात. ही पोर मात्र घरून डबा नेते, कारण शाळेच्या जेवणात काय हलाल आणि काय नाही, हे रोज पाहणे अवघड. तिच्या डब्यावरून कुणी हसत नाही, असे तिनेच सांगितले.

जुम्म्याला कोबेच्या मशिदीत नमाज पढलो. ही जपानमधली पहिली मशीद. 1935 साली उघडली. ती उभारण्यात हिंदुस्थानातून तिथे व्यापाराला गेलेल्या मुसलमानांचा मोठा वाटा होता. 1945 च्या बॉम्बफेकीत आजूबाजूची वस्ती जळाली, पण मशीद उभी राहिली. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक दगावले, तेव्हाही ती टिकली आणि बेघर झालेल्यांना तिने आसरा दिला.

नमाजनंतर चहा पिताना भाचा म्हणाला, "मामू, इथं जगायची सगळी सोय आहे. मेल्यावरची नाही."

आम्ही चपापलो. मग त्याने समजावून सांगितले. जपानमध्ये 99 टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. दफनाला देशाच्या कायद्याची बंदी नाही. पण कब्रस्तानासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते आणि दफनाची सोय असलेली कब्रस्ताने फार थोडी. मय्यत घेऊन तासन् तास दूर जावे लागते. क्युशू बेटावर हिजी नावाच्या गावात मुसलमानांनी दफनभूमीसाठी वर्षानुवर्षे खटपट केली. पिण्याचे पाणी दूषित होईल, या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला.

गावकऱ्यांची भीती अगदीच परकी वाटली नाही. आपल्याकडेही विहिरीजवळ काय असावे, यावरून वाद होतातच. पण दुसरी बाजूही आहे. जपानमध्ये दर दहांपैकी जवळजवळ तीन माणसे 65 वर्षांच्या पुढची. कामाला हात कमी पडतात, म्हणून परदेशी तरुण बोलावले जातात. ते येतात, संसार थाटतात, मुले तिथल्या शाळेत वाढतात. मग शेवटच्या जागेचा प्रश्न उभा राहणारच.

"मग तू परत येणार का?" आम्ही विचारले. त्याने टेबलावर गृहपाठ करत बसलेल्या मुलीकडे पाहिले. "हिला कुठं परत नेऊ? हिचं गाव हेच आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. परत आल्यावर पहिल्याच जुम्म्याला अब्बांच्या कबरीवर गेलो. कब्रस्तानाची भिंत एका बाजूने पडलेली, आत काटेरी झुडपे माजलेली. आम्ही दुआ मागितली, आणि पुढच्या रविवारी मोहल्ल्यातल्या चार पोरांना घेऊन, विळे-कुदळी घेऊन तिथे गेलो.