पालकाचा वाफा आणि आप्पा

गोराईत पहाटे दव पडायला लागलंय. पालक बरा उगवलाय, मुळ्याचे चार वाफे धरलेत. पण आजची नोंद पिकाची नाही. आप्पांना विचारूनच लिहितोय.

आप्पा शेजारच्या वाडीतले, पंच्याहत्तरीचे. गेल्या वर्षी काकी गेल्या. मुलगा कामापायी विरारला. आप्पांचं जेवण कमी झालं, झोप उडाली, गुडघे दुखतात म्हणायचे, पोट जड म्हणायचे. भाजी घेऊन बोटीने बोरिवलीला जायचे, तेही बंद. मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. इथंच चुकलो. म्हातारपणी मनाचा आजार पुष्कळदा अंगदुखी होऊन येतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

दिवाळीआधी एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "माझा पंप तूच ठेव. मला आता काय करायचाय?" पोटात धस्स झालं. बांधावर बसून सरळ विचारलं, "आप्पा, जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "रोजच वाटतं रे."

त्या रात्री त्यांच्याकडेच झोपलो. मुलाला फोन लावला. पडवीतली फवारणीची औषधं माझ्याकडे आणून कुलपात ठेवली, त्यांना सांगूनच.

सकाळी पहिल्या बोटीने खाडीपलीकडे, पालिकेच्या रुग्णालयात. गोळ्या मिळाल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. बरं झालं बजावलं. पंधरा दिवस काडीचा फरक नव्हता, आप्पा माझ्यावरच चिडायचे.

मुलगा आता दर शनिवारी मुक्कामाला येतो, नातवालाही आणतो. मी मदत करायला जात नाही, मागायला जातो. पालकाला सकाळचं पाणी आप्पांनीच द्यायचं, असं ठरवून टाकलंय. गोळ्या चालूच आहेत. वाईट दिवस अजून येतात, पण आले की स्वतः सांगतात.

कुणाच्या घरात असं असेल तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. टेलि-मानस, सरकारी आहे, २०२२ पासून. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी केला तरी चालतो.

आज सकाळी आप्पा वाफ्यावर उभे राहून ओरडले, "काल संध्याकाळी पाणी कुणी सोडलं? मुळं कुजवणार आहेस का?" मीच सोडलं होतं. उद्या मेथी पेरायची आहे, बी त्यांच्याकडचंच.