हुकूमनामा बारा वर्षं जगतो



आमच्या त्र्यंबकेश्वरात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी सिंहस्थ आहे. कुणी यात्रेकरूंसाठी वर दोन खोल्या चढवतंय, कुणी दुकान वाढवतंय, आणि बरंचसं कर्ज काढून. जामीनदार म्हणून सही बहुतेक वेळा घरातल्या बाईची. म्हणून आज हा रुक्ष विषय.

शेजारच्या वहिनींनी २०१५ च्या सिंहस्थाआधी दिरांच्या कर्जाला अशीच सही दिली. धंदा बसला, हप्ते थकले, बँकेने दावा लावला. समन्स आलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं, घेऊच नका. पण समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असंच कोर्ट धरतं. २०१८ साली एकतर्फी हुकूमनामा झाला, दिरांवर आणि वहिनींवरही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘मी फक्त सही केली’ याला कायद्यात जागा नाही.

हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. म्हणजे एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत! वहिनींना वाटलं होतं, इतकी वर्षं कुणी आलं नाही म्हणजे मिटलं. यंदा लेकीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून गेल्या, तर सिबिल अहवालात ते जुनं खातं उभं: थकीत, दावा दाखल. कर्ज नाकारलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कोर्ट सिबिलला काही कळवत नाही, कळवते ती बँक. सावकाराने किंवा व्यापाऱ्याने मिळवलेला हुकूमनामा अहवालात सहसा दिसणारही नाही, पण जप्ती मात्र आणू शकतो. कोर्टाची वही वेगळी, सिबिलची वेगळी. एकीत मिटवलं की दुसरीत आपोआप मिटत नाही. पैसे कोर्टाबाहेर दिले तर तीस दिवसांत कोर्टात तशी नोंद करून घ्या. नोंद नसेल तर दरखास्तीत ते पैसे धरले जात नाहीत. (संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणून हे देणं फिटत नाही, बायांनो.)

बेलिफाच्या नावाने मात्र उगाच घाबरू नका. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं सांगतं. कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. बाकीचं सोनं त्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

स्वतःचा पूर्ण क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

वहिनींचं प्रकरण आता लोकअदालतीत ठेवायचं चाललंय. दीर म्हणतात, थोडं कमी देऊन मोकळं होऊ. मी वहिनींना म्हटलं, आधी बँकेला विचारा की अहवालात ‘सेटल्ड’ लिहिणार की ‘क्लोज्ड’. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि पुढची बँक ते वाचते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलही नाही. तेव्हा वहिनी सही करण्याआधी मसुदा घरी आणणार आहेत.