तीस सेकंदांची नदी

माझे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. सूर्य पाण्यातच मावळतो, अशी तेव्हा आम्हा मुलांची ठाम समजूत होती. पुढे सेवाकार्यासाठी गडचिरोली जिल्ह्यात आलो आणि समुद्र शेकडो किलोमीटर मागे राहिला. मात्र मार्कंड्याच्या देवळांपाशी, वैनगंगेच्या काठी, पहिल्यांदाच उभा राहिलो त्या संध्याकाळी सूर्य पुन्हा पाण्यात उतरताना दिसला. नदी इथे उत्तरवाहिनी होते. पैलतीर चंद्रपूर जिल्ह्याचा. इथे भरती-ओहोटी नाही. पाणी चढते ते पावसाने, नाहीतर वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे.

छायाचित्रणाचा नाद सेमिनरीतला. तेव्हा फिल्मचा रोल महाग, म्हणून एकेक चित्र विचार करून घ्यावे लागे. ती सवय अंगात राहिली. सूर्य टेकला की मी कॅमेरा तिपाईवर बसवतो आणि भिंगासमोर प्रकाश हजारपटीने अडवणारी काळी काच लावतो. मग एका सेकंदाच्या तिसाव्या भागात मिळायचे ते चित्र मिळायला तीस-पस्तीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाण्यावरची प्रत्येक लाट पुसली जाते आणि नदी दुधासारखी सपाट होते. बटण हाताने दाबले तरी कॅमेरा हलतो, म्हणून तारेचा खटका वापरायचा आणि नंतर श्वास धरून उभे राहायचे. (श्वास धरण्याची खरे तर काही गरज नसते. पण धरला जातो.)

अशातले एक चित्र मी मोठे करून सभागृहात लावले. खाली लिहिले, ‘निर्जन तीर’. पाहणाऱ्यांनी वाखाणले, मीही सुखावलो. एके दिवशी नदीवर डोंगा चालवणारे एक वृद्ध गृहस्थ काही कामासाठी आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “फादर, हा तं आमचाच घाट. पण आमी कुठं आहो येच्यात?”

मला ती संध्याकाळ लख्ख आठवली. ते होते. त्यांचा डोंगा पैलतीरावरून येत होता. त्यात सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बायका होत्या. काठावर ढिवरांची पोरे जाळे गुंडाळत होती. सगळी हलत होती, म्हणून एकही उमटले नव्हते.

दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश टिपायला काही मिनिटे लागली. तेवढ्यात रस्त्यावरची घोडागाड्यांची आणि माणसांची वर्दळ नाहीशी झाली. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक मनुष्य. ही गोष्ट मी सेमिनरीत असताना वाचली होती आणि गंमत म्हणून अनेकांना सांगितलीही होती. तिचा माझ्याशी काही संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

यंत्राला दोष देऊन मी सुटू शकलो असतो. परंतु ‘निर्जन’ हा शब्द यंत्राने लिहिला नव्हता. इथे आल्यावर घरी धाडलेल्या पहिल्या पत्रांतही मी तोच लिहिला होता: “सगळे जंगलच जंगल, माणूस नाही.” पोटासाठी दिवसभर हलत राहणारी माणसे मला तेव्हाही दिसली नव्हती.

चित्र उतरवले. “काका, मी सांगेन तेवढा वेळ उभे राहाल का?” असे त्यांना विचारले. पुढच्या आठवड्यात त्यांनी डोंगा वाळूवर ओढून ठेवला, कारण पाण्यात तो स्थिर राहीना. ते वल्हे टेकून उभे राहिले, शेजारी दोन बायका. एकीने मोळी खाली ठेवायला साफ नकार दिला. मी मोठ्याने आकडे मोजले. चित्रात तिघेही स्पष्ट आले आहेत. मोळीच्या काटक्या तेवढ्या जराशा थरथरल्या आहेत.

काकांच्या नातवाला मात्र धीर निघाला नाही. त्याच्या जागी वाळूवर एक राखाडी डाग आहे. तो आता रोज विचारतो, पुन्हा केव्हा. शुक्रवारी ये म्हणून सांगितले आहे.