आवाजाचं तोंड

माझी या धंद्यातली पहिली कमाई माडावर चढून झाली. पेडण्यात एका मंडपवाल्याकडे सुट्टीत कामाला होतो. जत्रेच्या दिवसांत माडाला कर्णे बांधायचं काम माझ्याकडे. खालून मालक ओरडायचा, ‘तोंड देवळाकडे कर रे, तोंड!’ कर्ण्याचं तोंड जिकडे वळवाल तिकडच्या माणसाला शब्द न् शब्द कळतो, पाठीमागच्याला नुसती कुजबुज. आवाजाला तोंड असतं आणि ते वळवता येतं, एवढ्या शिदोरीवर मी बरीच वर्षं काढली.

ती पुरत नाही हे मला शेतापलीकडच्या माईंनी शिकवलं.

किनाऱ्यापासून जरा आत, काजू-माडांच्या बागेत टेबलं मांडलेलं ते रेस्टॉरंट. मोसमात आठवड्याला चार रात्री बँड. बागेच्या मागे वायंगणाचं शेत आणि शेताच्या पलीकडे, अडीचशे मीटरवर, वाडा. स्टेज अर्थातच शेताच्या विरुद्ध टोकाला, तोंड शेताकडे. कारण मालकांना गिऱ्हाइकांच्या फोटोत बँडही हवा होता आणि ओलं शेतही. पहिल्याच डिसेंबरात तक्रारी सुरू झाल्या. पंचायतीत अर्ज गेला, आणि मालकांनी मला बोलावून सांगितलं, ‘आवाज कमी कर, पण कमी वाटता कामा नये.’ या धंद्यात सगळे मालक हेच वाक्य बोलतात.

मी हिशेब मांडला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी उतरतो. स्टेजपासून 4 मीटरवर 95 असला तर 8 वर 89, 16 वर 83, असं करत 256 मीटरवर 59. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री, म्हणजे दहानंतर, 45. म्हणजे आम्ही चुकत होतो, पण फार नाही. स्टेजवरच्या दोन थोराड पेट्या काढल्या आणि बागेभर आठ लहान स्पीकर टांगले, तोंडं खाली, टेबलांकडे. एका टोकाहून शेवटच्या टेबलापर्यंत आवाज फेकायचा तर पहिल्या टेबलावरची माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात. आठ ठिकाणांहून थोडा थोडा वाढला की सगळ्यांना पुरतो. स्टेजपासून 20 मीटरवरच्या स्पीकरला 58 मिलिसेकंदांचा डीले दिला. तेवढ्या वेळात खरा आवाज हवेतून तिथे पोचतो. डीले नसला तर गायक स्टेजवर आणि गाणं झाडात, असं होतं. बाकी सगळे सल्ले मी ऐकून सोडून दिले. माडांची रांग आवाज अडवत नाही, ती फक्त डोळ्यांचं समाधान करते. बांबूच्या चटयांचंही तेच.

झकास झालं असं मला वाटलं. माईंचा निरोप मात्र कायम: ‘काल पण तसंच.’

शेवटी एका रात्री मिक्सर पोराच्या हवाली केला आणि मीटर घेऊन बांधावरून वाड्यावर गेलो. खरं सांगायचं तर म्हातारी खोटं बोलते हे सिद्ध करायला गेलो होतो. माईंनी पाणी आणि गूळ पुढे ठेवला आणि मला आतल्या खोलीत नेलं. मीटरने 43 दाखवले. रात्रीच्या मर्यादेच्याही आत. मी तो आकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीवरच्या पितळी डब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘याला विचार.’ झाकण थरथरत होतं. बोट काढलं की किर्रर्र, ठेवलं की गप्प.

मीटरवर ए आणि सी अशी दोन मापं असतात. ए माप माणसाच्या कानासारखं बेतलेलं आहे, खर्जाला ते फारसं विचारत नाही. 63 हर्ट्झचा, म्हणजे ड्रमच्या किकच्या आसपासचा, 70 डेसिबल आवाज ए मापात 44 दिसतो. आपल्याकडचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम ए मापातच लिहिलेले आहेत. मी बटण सी वर नेलं आणि आकडा 68 झाला. झाकण खरं बोलत होतं, मी कागदावर खरा होतो.

खर्जाला तोंड नसतं. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 7 मीटर लांब. तिच्यापुढे आठ फुटी चिऱ्याची भिंत म्हणजे उंबरठा. ती वरून वळते, बाजूने वळते, कौलांतून आत येते. माईंची खोली अकरा फुटांची, त्या लाटेच्या बरोबर अर्ध्या मापाची. अशा खोलीत तो सूर घुमतो. मधोमध उभं राहिलं तर जवळपास नाहीसा होतो आणि भिंतीपाशी सगळ्यात जोर धरतो. माईंची खाट भिंतीला लागून. ‘खाट मध्ये घ्या’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. न बोलल्याबद्दल मी आजही स्वतःला शाबासकी देतो.

‘चवथीला घुमटं वाजतात तेव्हा?’ मी विचारलं. त्यांच्याच घरात आरतीला तीन घुमटं, एक शामेळ. त्या हसल्या. ‘तेव्हा मी जागीच असते रे.’

नंतरची लढाई मालकांशी होती आणि ती फोटोवरून होती. स्टेज शेताच्या टोकाला आणून त्याची पाठ शेताकडे करायला महिना गेला. खर्ज वाजवणाऱ्या तीन पेट्या, म्हणजे सब, त्यांतला मधला उलट्या तोंडाने ठेवला, त्याला डीले दिला आणि त्याची फेज उलटी केली. म्हणजे पुढे तिघे मिळून वाजतात आणि मागे एकमेकांचं खोडतात. नीट जमलं तर पाठीमागे 10 ते 15 डेसिबल कमी होतात. खर्जाला तोंड नसतं, पण तीन पेट्या हिशेबाने मांडल्या तर ते बसवता येतं. बेस गिटारवाल्याला मी खालच्या तारेचा तळ थोडा कापून दिला. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

वेळेचाही हिशेब तेव्हाच कळला. साउंडचेक दुपारी चारला. त्या वेळी जमीन तापलेली असते, आवाज वर वळून निघून जातो, रस्त्यावर वाहनं असतात; सगळं ठीक वाटतं. डिसेंबरात नऊनंतर जमीन गार पडते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते आणि आवाज वर जायचा तो खाली वाकतो. त्यात शेतात पाणी भरलेलं, आरशासारखं. याला यंत्र लागत नाही. बागेतला पोर संध्याकाळी पालापाचोळा पेटवतो, त्याच्या धुराकडे मी बघतो. धूर सरळ वर गेला तर निर्धास्त. शेतावर चादरीसारखा पसरला की सबचा फेडर 3 डेसिबल खाली आणि ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश.

डबा गप्प झाला. पंधरा दिवसांनी माईंचा फोन. ‘ते ढुम गेलं. पण तो मधे मधे बोलतो कोण? काय बोलतो ते सगळं कळतं.’ खर्ज होता तेव्हा गायकाची दोन गाण्यांमधली बडबड त्याखाली दडत होती. आता ती शेतावरून स्वच्छ जाऊ लागली. गाणं माणूस कानाआड करतो, बोलणं करता येत नाही. अर्थ लागला की झोप गेली. तेव्हापासून नऊनंतर गायकाचा माइक गाणं संपताच मी बंद करतो. तो टाळ्यांना आभार मानतो ते पुढच्या दोन टेबलांनाच ऐकू येतात.

दहाला सगळं बंद. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर नाही, हा नियमच आहे. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि मालक त्या पंधरा दिवसांकडे डोळे लावून असतात.

फेब्रुवारीत पुन्हा फोन. ‘तुमचं झाल्यावर पण काहीतरी घुर्रर्र चालू असतं.’ जनरेटर. तो माझा विषय नव्हता. मी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरी गुंडाळायला गेलो तेव्हा सहज मागे जाऊन त्याच्या धुराड्याचं तोंड कुठे आहे ते पाहिलं. शेताकडे होतं.