गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा

भोर तालुक्यांतील आंबवडें हें आमचें मूळ गांव. नागेश्वराचें देऊळ, संस्थानी काळांतील झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या यांमुळें त्याचें नांव पुष्कळ वाचकांच्या कानांवर असेल. आम्हांस मात्र आंबवडें म्हटलें कीं यंदापासून एकच गोष्ट आठवते, आणि ती म्हणजे आमच्या अंगणांतील विटांची एक उतरंड.

आमच्या तीर्थरूपांनीं १९८६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्या पदरीं आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिची घडण झाली. मूळ नमुना इटलींतील फियाट ११०० चा. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें सेवेंतून गेली. आमची मात्र दर सुटींत कापूरहोळ व भोर या मार्गानें गांवीं येते. तीर्थरूप गेले त्या वर्षीं ती विकावी असें घरांत बोलणें निघालें होतें, पण गिऱ्हाईक पाहावयास आलें तेव्हां कोणासच किल्ली सांपडेना. असो.

यंदाच्या उन्हाळ्यांत भोरहून येतांना एका खड्ड्यांत डावें चाक आपटलें व खण्णकन् आवाज झाला. घरीं येऊन पाहतों तों गाडी डावीकडे झुकलेली. पुढच्या स्प्रिंगेचा खालचा वेढा तुटला होता. अँबॅसिडर गाडीस पुढें अशी स्प्रिंग नसते, तेथें पिळाची पोलादी कांब असते; पद्मिनीस मात्र दोन्ही पुढच्या चाकांशीं वेटोळ्याची स्प्रिंग असते व तीच पुढचा सारा भार झेलते.

पुतण्या याच शाळेचा विद्यार्थी. काम घरींच करूं, असा हट्ट त्यानें धरला आणि आम्हीं तो मानला. नव्या दोन स्प्रिंगा पुण्यास नाना पेठेंतून आणविल्या. गाडीबरोबरचा जॅक लावून पुढची बाजू उचलली, गोठ्यामागच्या विटा रचून तिच्यावर गाडी टेकविली आणि जॅक काढून घेतला. चाक काढलें. पुतण्या मान आंत घालून तुटलेला वेढा पाहूं लागला. इतक्यांत वहिनींनीं ताक घ्यावयास हांक मारली. तो उठला, ओटीवर गेला, पेला तोंडाला लावला. आणि विटा फुटल्या. ब्रेकचा ड्रम अंगणाच्या मातींत चार बोटें रुतला. जेथें त्याची मान होती तेथें आतां चिमणीही शिरली नसती.

"कसला आवाज झाला?" म्हणून वहिनींनीं आंतून विचारलें.

"कांहीं नाहीं, विटा पडल्या," आम्हीं म्हटलें. हें उत्तर खोटें नव्हतें, आणि खरेंही नव्हतें. पुतण्या आमच्याकडे पाहत राहिला. ताक त्याच्या हातांत तसेंच होतें.

दुसऱ्या दिवशीं भोरचे एक वयस्क मिस्त्री आले. विटांचा चुरा पाहून त्यांनीं काय झालें असेल तें ओळखलें. "साहेब, ईट म्हंजी भाजल्याली माती. फुटताना सांगून फुटत न्हाई," एवढेंच ते बोलले. गाडी त्यांनीं पुढें फरशीवर घेतली. मागच्या चाकांस दोन्हीं बाजूंनीं लांकडी ठोकळे लावले, हातब्रेक ओढला, चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतांनाच थोड्या सैल केल्या. मग गाडी उचलून सांगाड्याच्या मजबूत भागाखालीं दोन लोखंडी घोड्या दिल्या, आणि बाजूस उभें राहून गाडी दोन्ही हातांनीं हलवून पाहिली. ती हलली नाहीं, तेव्हांच आम्हांस जवळ येऊं दिलें.

आमची खरी समजूत पुढें चुकली होती. चाक निघालें म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली, असें आम्हांस वाटत होतें. तसें मुळींच नसतें. चाक नसलें तरी खालच्या दांडीनें ती दाबून धरलेलीच असते, व ती दांडी सुटली कीं स्प्रिंग वाट सांपडेल तिकडे उसळते. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा जोर वाढतो, हें रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलें. समजा, अडीचशें किलोच्या भारानें ती दहा सेंटिमीटर दबली, तर तींत सांठलेली शक्ति साडेबारा किलोची वस्तु एक मीटरवरून पडावी इतकी होते. ती वस्तु तोंडावर पडली तर काय होईल, तें निराळें सांगावयास नको.

म्हणून मिस्त्रींनीं स्प्रिंग दाबण्याचे दोन आंकडे समोरासमोर चढविले आणि एकदां याचा अर्धा फेरा, एकदां त्याचा अर्धा फेरा, असे हळू आवळले. यंत्राची बंदूक जवळ असूनही वापरली नाहीं. आट्यांस आधीं ग्रीस लावलें. स्प्रिंगेंतून एक साखळी ओवून ती सांगाड्यास बांधली. दांडीखालीं जॅक ठेवून मगच तिचे जोड सोडविले व जॅक तसूतसूनें उतरविला. या सर्व वेळीं ते एकदांही स्प्रिंगेच्या समोर बसले नाहींत. पुतण्यास त्यांनीं पान्हे देण्याचें काम दिलें होतें, आणि उभें राहण्याची जागा खडूनें आंखून दिली होती.

उजवी स्प्रिंग धड होती, तरी तीही बदलली. जुनी दबलेली असते. एक नवी व एक जुनी ठेविली तर गाडी तिरपी राहते. नव्या स्प्रिंगेचें टोंक बैठकीच्या खांचेंत नीट बसलें कीं नाहीं, तें मिस्त्रींनीं बोट फिरवून पाहिलें. रबरी बुशांच्या नटा मात्र गाडी चाकांवर उतरल्यावर शेवटीं घट्ट केल्या. अधांतरीं आवळल्यास रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. चाकांची सरळी तपासावयास गाडी भोरला नेली तेव्हां संध्याकाळ झाली होती. पुतण्या शेजारीं बसला होता, वाटेंत तो एकच वाक्य बोलला, "काका, आईला सांगणार?"

आम्हीं सांगितलें नाहीं. हा अंक शाळेंतून घरोघर जातो व वहिनी तो पहिल्या पानापासून वाचतात, हें आम्हांस ठाऊक आहे.