आजीची हंटरवाली

परवा शनिवारी आमचं रिलीज पुढे ढकललं गेलं आणि चक्क अख्खी दुपार मोकळी मिळाली. बसल्या बसल्या रियाद वाडियांचा नादियावरचा १९९३ सालचा माहितीपट पाहिला. त्यात 'हंटरवाली'मधली काही दृश्यं आहेत.

'हंटरवाली' हा वाडिया मूव्हीटोनचा १९३५ चा स्टंटपट, दिग्दर्शक होमी वाडिया. आपल्याकडे बोलपट येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सची छाप स्पष्ट दिसते. गोष्ट साधीच: दुष्ट प्रधान, आणि मुखवटा चढवून गरिबांच्या बाजूने लढणारी राजकन्या. नादिया म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. उड्या, मारामारी सगळं स्वतःच करायची. बाईच सगळ्यांना बडवते म्हटल्यावर वितरक हात लावेनात! शेवटी वाडियांना स्वतःच खटपट करून तो प्रदर्शित करावा लागला. आणि तुफान चालला.

माझ्या आजीचं माहेर वाळवा तालुक्यातलं. आता सांगली जिल्हा, तेव्हा सातारा. लग्नाआधी जत्रेतल्या तंबूत, मातीत बसून तिने 'हंटरवाली' पाहिला होता. हिंदी कळलं का, विचारलं तर म्हणायची, "त्यात कळायचंय काय? बाई घोड्यावर बसली, चाबूक वढला, गडी पळाले!"

सासर कराडजवळ. १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारची माणसं रानात लपलेली असायची. आजी रात्री जोंधळ्यातून त्यांना भाकऱ्या पोचवायची. वय अठरा.

"भीती नाही वाटली?"

"वाटायची की. मग त्या बाईला आठवायचं आन् चालायचं."

गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध एका गोऱ्या बाईकडून उसनी घेतलेली हिंमत! मला तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

ती बाई तिला परत एकदा बघायची होती. "पुढच्या खेपेला साताऱ्याला येताना सीडी आणतो," असं मी दर खेपेला सांगायचो. मग प्रोजेक्ट, डेडलाईन, ऑनसाईट... २००७ मध्ये आजी गेली. सीडी मी शोधलीसुद्धा नव्हती.

परवा पडद्यावर नादियाचा चाबूक कडाडला आणि 'गडी पळाले' हे शब्द माझ्या तोंडून मोठ्याने निघाले. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

असो. तुमच्या घरातलं कुणी एखादा जुना सिनेमा परत बघायचाय म्हणत असेल, तर ह्याच शनिवारी दाखवा. रिलीज काय, पुढे ढकलता येतं.