कंत्राट कुणाचं, कामगार कुणाचा?

कंत्राटी कामगारांच्या दाव्यात कंपनी सर्वांत आधी ठेकेदाराबरोबरचा करार दाखल करते. करार बहुधा निर्दोष असतो. ठेकेदाराचा परवाना, पीएफचा कोड, ईएसआयची चलनं, सगळं जागच्या जागी असतं. एवढं असलं की आपण सुरक्षित, असं मालकाला वाटतं. मला तसं वाटत नाही. मी मालकांच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि युनियनच्याही. करार कितीही चोख असला तरी निकाल शेवटी शॉप फ्लोअरवर रोज काय चालतं यावरच लागतो.

‘सेल’च्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2001 साली स्पष्ट केलं, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. 1997 च्या एअर इंडिया निकालाने दिलेलं आपोआप सामावून घेण्याचं संरक्षण गेलं. मालकांनी हा निकाल डोक्यावर घेतला, पण त्याचा दुसरा भाग अनेकांनी नीट वाचलाच नाही. कंत्राट नुसतं दिखाऊ असेल, तर तो कामगार पहिल्यापासून मूळ मालकाचाच मानायचा, हेही त्याच निकालात आहे.

मग दिखाऊ कंत्राट ओळखायचं कसं? शिफ्ट इन्चार्जची उलटतपासणी मी अगदी साध्या प्रश्नांनी सुरू करतो. ठेकेदाराचा सुपरवायझर शिफ्टला असतो का? ‘येतो कधीमधी.’ कुणी कुठल्या मशिनवर जायचं ते कोण ठरवतं? ‘मीच.’ रजा कुणाकडे मागतात? ‘मला सांगतात, मी ठेकेदाराला कळवतो.’ मागच्या वेळी ठेकेदार बदलला, तेव्हा माणसं बदलली का? ‘नाही, माणसं तीच.’ हे शेवटचं उत्तर आलं की करारातली सुंदर कलमं फारशी कामाला येत नाहीत.

मात्र कामगारांच्या वकिलांनी एवढ्यावर विसंबू नये. काम कुठे आणि कसं करायचं हे कंपनीने सांगितलं, तरी माणूस पाठवायचा की काढायचा हे ठेकेदारच ठरवत असेल तर ते नियंत्रण दुय्यम, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये विमानतळ प्राधिकरणाच्या खटल्यात म्हटलं. 2014 च्या बलवंत राय सलुजा निकालात कसोट्या एकत्र मांडल्या आहेत: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढतो कोण, शिस्तभंगाची कारवाई कुणाच्या हातात, नोकरीत सातत्य आहे का आणि देखरेख कुणाची. परवाना नाही एवढ्यावरून कामगार मूळ मालकाचा ठरत नाही, हेही 1992 पासून ठरलेलं आहे. म्हणून पुरावा हवा तो गेटपासचा, शिफ्टच्या यादीचा, कंपनीने थेट दिलेल्या मेमोचा. हल्ली शिफ्टचा सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. ते मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडा. ऐन साक्षीच्या दिवशी त्यावरून वाद नको.

मुंबईतलं सर्वांत बोलकं उदाहरण कचरा उचलणाऱ्या कामगारांचं. महापालिकेने हे काम छोट्या छोट्या संस्थांना वाटून दिलं आणि झाडू-फावडं हाती घेतलेल्या माणसांना ‘स्वयंसेवक’ म्हटलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढत राहिला. न्यायाधिकरणाने 2014 मध्ये 2,700 कामगार महापालिकेचेच ठरवले आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांमुळे अनेकांना ‘तो कामगार मीच’ हे पुन्हा सिद्ध करावं लागलं. हजेरीपटावर ठेकेदाराच्या कारकुनाने चुकीचं लिहिलेलं एक अक्षर माणसाची हक्काची नोकरी अडवून धरतं, याचा मला आजही संताप येतो.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण होती. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा आपला 1971 चा कायदा कायम कामगाराला थेट औद्योगिक न्यायालयात नेतो. कंत्राटी कामगाराला मात्र ते दार 2001 च्या ‘सिप्ला’ निकालाने बंद केलं. मालक-कामगार नातंच मालक नाकारत असेल, तर आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ते नातं सिद्ध करून या, असं त्यात ठरलं. म्हणजे समेट अधिकारी, मग सरकारचा रेफरन्स, मग न्यायाधिकरण. या फेऱ्यात वर्षं जायची आणि बहुतेक मालकांचा भरवसा त्या वर्षांवरच असायचा.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल हा, की सरकारी रेफरन्सची गरज उरली नाही. समेट फसला की अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत थेट न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. शिवाय मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्याला या संहितांत मनाई आहे. अपवाद भरपूर आहेत आणि पुढची भांडणं त्यांच्यावरूनच होणार. कंत्राटाच्या तरतुदी 50 कामगारांपासून लागू होतात, त्यामुळे 49 वर थांबणारे ठेकेदार दिसतील. आपल्या 1971 च्या कायद्याचं नाव मात्र औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत नाही. दोन्ही कायदे एकत्र कसे नांदतात, हा प्रश्न उच्च न्यायालयात जाणारच.

मालकांना माझं सांगणं एवढंच: काम मोजक्या मुदतीचं असेल तर आता मुदतीच्या नेमणुकीचा सरळ मार्ग आहे. कायम कामगाराइतका पगार, तेच लाभ आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी द्यावी लागते. खर्च थोडा वाढेल. पण ज्या माणसाची पाळी, रजा आणि मशिन तुम्ही ठरवता, त्याच्या नेमणूकपत्रावर सहीही तुमचीच असू द्या.